मागची काच

"श्वास घ्या. आता सोडू नका."

कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडाच्या आतून यायचा तो आवाज, जरा घोगरा, जरा लांबचा, विहिरीत वाकून कुणी बोलावं तसा. समोरच्या खुर्चीवर कुणीही असो, मालाडच्या बाजारातला भुसारी किंवा गोराईहून होडीनं आलेली नवी नवरी, ते माणूस श्वास धरून बसायचं. पडद्याआड बसलेली प्रेमाही धरायची, हातात पेन्सिल तशीच ठेवून, कुणी सांगितलेलं नसताना. मग भिंगावरचं पितळी टोपण निघाल्याचा हलका आवाज, मनातल्या मनात एक, दोन, तीन, आणि टोपण परत बसल्याचा आवाज. "झालं," असं मास्टर म्हणायचे आणि खोलीभर सगळ्यांचे श्वास सुटायचे. तिचा मात्र थोडा उशिरा सुटायचा. कधीकधी तो सुटलाच नाही असं तिला वाटायचं. आतच कुठेतरी राहिला, बरणीच्या तळाशी खडा राहावा तसा.

आज एवढ्या वर्षांनी तो आवाज कानाशी आला तो रतनच्या एका वाक्यामुळे. रतन म्हणजे घाटकोपरचा जुन्या कॅमेऱ्यांचा दलाल, पस्तिशीचा, सतत घाईत असलेला. कुणाच्या माळ्यावर कॅमेरा पडलाय ते आपल्याला वासावरून कळतं, असं तो स्वतःच सांगायचा. प्रेमाच्या बोरिवलीच्या खोलीत तो दुसऱ्यांदा आला होता. पहिल्यांदा आला तो मास्टरांचा गोराईचा पत्ता विचारत. आज आला तो पेढे घेऊन, कारण मास्टरांनी त्यांचं जुनं जर्मन भिंग त्याला द्यायचं कबूल केलं होतं. खुर्चीवर बसता बसताच त्यानं हिशेब उलगडला. याच कंपनीची, याच मापाची चार भिंगं मुंबईत आहेत म्हणे, पण त्यांना कुणी विचारत नाही, पितळेच्या भावानं जातात. हे एकटं मात्र पाच हजाराला. वांद्र्याचा एक मोठा फोटोग्राफर, साड्यांच्या जाहिराती करतो, तो या एका भिंगासाठी वर्षभर रतनच्या मागे लागला होता. मग रतननं खिशातून पाकीट काढलं आणि पाकिटातून मास्टरांनी काढलेल्या एका जुन्या नवरीचा फोटो. डोळे, ओठ, नथीतले मोती जिथल्या तिथे, पण चेहऱ्याच्या कडेनं एक मऊ उजेड, दिव्याभोवती धुकं असावं तसा. "हे बघा मावशी," तो म्हणाला, "आजकालच्या जपानी काचा चोख. सगळं दाखवतात. पण चोख काच मायेनं बघत नाही ना." बोलण्यात तो हुशार होता. आणि मग उठता उठता, चपला पायात सरकवत, त्यानं ते वाक्य टाकलं. रविवारी गोराईहून भिंग ताब्यात घेणार आणि सोमवारी आपल्या कारागिराकडे देणार. तो ते पूर्ण खोलून, काच न् काच सुटी करून साफ करेल आणि कंपनीच्या कागदावर आहे तसं, नियमाप्रमाणे परत बसवेल. एकदम झकास.

प्रेमाच्या हातातला पेढा तसाच राहिला. खोलायचं कशाला, असं तिनं विचारलं, आणि आपला आवाज आपल्यालाच चोराचा वाटला. रतन हसला. पंचवीस वर्षांत कुणी ते खोललेलंच नाही असं मास्टर म्हणाले म्हणे. आत काय काय साठलं असेल कुणास ठाऊक.

तो गेल्यावर ती खिडकीशी आपल्या कामावर बसली. हल्ली काम म्हणजे मेलेल्या माणसांचे फोटो. कुणाचे वडील, कुणाची सासू. रेशनकार्डावरचा नखाएवढा चेहरा मोठा करून घेतात, मग तो डागांनी भरतो, आणि तो नीट करायला लोक तिच्याकडे आणतात, हार घालून भिंतीवर लावण्यासाठी. समोर मुलुंडचे एक गृहस्थ होते, वारलेले, एक डोळा पांढरा पडलेला. त्या डोळ्यात बुबुळ भरायचं होतं. तिनं कुंचला भिजवला, टोक जिभेवर ओढून अणकुचीदार केलं आणि हात थांबला. सोमवार. आज शुक्रवार होता. सोमवारी घाटकोपरच्या कुठल्या गल्लीत एक अनोळखी माणूस त्या पितळी नळीचा मागचा आटा फिरवणार, दोन काचा बाहेर काढणार, उजेडात धरणार, आणि म्हणणार, अरे, ही तर उलटी आहे. मग तो ती सरळ करणार. त्याचं कामच ते. आणि त्या क्षणी नव्या-जुन्या सगळ्या नववधूंच्या चेहऱ्यांभोवतीचा तो उजेड विझणार, शहरातली चार भिंगं होती त्यात पाचवं जमा होणार. हे सगळ्या जगात फक्त तिला ठाऊक होतं. मास्टरांना नाही. मास्टरांना तर मुळीच नाही.

पेन्सिल फिरवायला ती मास्टरांकडे आली तेव्हा बावीस वर्षांची होती. वडील गिरणीत, माणसं मूळची मालवणकडची, आणि ही थोरली मुलगी, बारीक कामाच्या हाताची. ऑगस्टीन मास्टर तिच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, गोराईच्या जुन्या ख्रिस्ती घरातले, मालाड स्टेशनपासून पाच मिनिटांवर त्यांचा स्टुडिओ. तेव्हा निगेटिव्ह काचेची असायची. ती तिरप्या चौकटीवर ठेवायची, खालून आरशानं उजेड सोडायचा, आणि देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखालची काळजी अशी सगळी टोकदार पेन्सिलीनं ठिपक्या-ठिपक्यांनी बुजवायची. पेन्सिल काचेच्या गुळगुळीत बाजूला धरत नाही. रसायन लावलेली बाजू वर हवी. म्हणून हातात काच आली की ती आधी पालथी करायची, आणि शिवाय डोक्याकडची बाजू खाली. चेहरा सरळ दिसला की हात भितो, असं तिला शिकवणारी बाई म्हणायची. उलटा ठेवला की तो चेहरा राहत नाही, नुसते डोंगर आणि दऱ्या होतात, मग बुजव हव्या तेवढ्या. दिवसाचे नऊ तास, तीन वर्षं, प्रत्येक काच पालथी. पुढे पुढे घरी आरसा पुसायला घेतला तरी तिचा हात तो आधी पालथा करी, आणि आई म्हणे, "काय गो, आरशात तोंड बघुक लाज वाटता काय?"

एका भादव्यात मास्टरांची आई गेली. महिन्याची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, होईपर्यंत ते गोराईलाच राहिले. जाताना एवढंच म्हणाले होते, भिंगात बुरशीनं जाळं धरलंय, आलो की बघतो. रिकाम्या स्टुडिओत प्रेमा रोज कुलूप काढून बसायची. बाहेर रस्त्याला शेवाळ, आत भिंतीला ओल, आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशी ते भिंग, आत पांढरट तंतू पसरलेलं, कोळ्यानं घर केल्यासारखं. तिच्या मनात आलं की दुःख घेऊन माणूस परत येईल, निदान त्याची काच तरी स्वच्छ असू दे. एवढंच मनात आलं होतं. आज इतक्या वर्षांनी तिनं ते पुन्हा पुन्हा तपासलं, दुसरं काही होतं का म्हणून. होतं, पण त्याला नाव नव्हतं. तिनं आटे फिरवले, काचा काढल्या, आईच्या जुन्या लुगड्याचा मऊ झालेला तुकडा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक काच पुसली, स्टुलावर पांढऱ्या कापडावर ओळीनं मांडली आणि ओल राहू नये म्हणून दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली. पुढची काच जाडजूड, चुकायला वावच नव्हता. मागे मात्र दोन पातळ काचा, मध्ये पितळेचं कडं. त्यातली एक उचलली आणि तिच्या हातानं तिच्या नकळत जे तो रोज करत होता तेच केलं. पालथी केली.

मास्टर परत आले त्यानंतरचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे त्यांच्याच गावची एक नवरी. लाल दिव्याच्या खोलीत त्यांनी प्लेट धुतली, आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग हाक मारली. प्रेमा आत गेली. ओली काच दोन बोटांत धरून ते दिव्यासमोर उभे होते, आणि काचेत त्या मुलीचा चेहरा कडांनी विरघळत होता. प्रेमाला तत्क्षणी कळलं. मास्टर, मी तुमचं भिंग उघडलं होतं, हे वाक्य तिच्या जिभेवर पूर्ण तयार होतं. पण मास्टर रडत होते. तिनं त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "आई नेहमी म्हणायची, तुझ्या फोटोत माणसं दगडाची दिसतात रे. बघ, प्रेमा. बुरशीचं जाळंही गेलं. जाता जाता तिनं काचेवर हात फिरवला." आणि रिकाम्या हातानं त्यांनी कपाळ, छाती, खांदे असे शिवले. तिनं तोंड मिटलं. उद्या सांगू, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी नवरीचा बाप फोटो घ्यायला आला आणि फोटोकडे बघून स्टुडिओच्या पायरीवरच बसला. मग परवा सांगू असं ठरलं.

मास्टरांच्या काचेत माया आहे, ही गोष्ट खाडीपलीकडून वांद्र्यापर्यंत पसरली. लग्नं त्यांच्या सवडीनं ठरू लागली. आणि प्रेमाच्या पेन्सिलीला काम उरलं नाही. व्रण, सुरकुत्या, काळजी, सगळं ते भिंग आपणच हलक्या हातानं झाकायचं. तिनं पाकिटांवर नंबर घातले, फोटोंच्या कडा कापल्या, दुपारी पेन्सिली तासून ठेवल्या. तुझी पेन्सिल आता पेन्शनीत, असं मास्टर चिडवायचे, पण तिला जा असं कधी म्हणाले नाहीत. उलट नाताळाला तिच्यासाठी वेगळा केक बाजूला काढलेला असायचा, अंडं न घातलेला. दर नाताळाला ते म्हणायचे, बस, आज तुझा एक काढतो. कधी तिचे केस विंचरलेले नसायचे, कधी साडी चांगली नसायची. काचेला भितेस काय, असं ते हसत विचारायचे. ती खरंच भ्यायची. त्या काचेसमोर बसलं तर आपल्या चेहऱ्यावर सगळं उमटेल असं तिला वाटे. स्थळांना दाखवायचा फोटो तिनं अंधेरीच्या एका परक्या स्टुडिओत काढून घेतला, चोख, कडक, प्रत्येक हाड दाखवणारा. तो फोटो तीनदा परत आला. वडिलांनी मान खाली घातली, आणि प्रेमानं तो पाकिटातून काढून पेटीच्या तळाशी ठेवताना सुटल्यासारखा श्वास टाकला होता. त्याचीही तिला नंतर लाज वाटली.

मास्टरांनीही लग्न केलं नाही. का, ते तिनं विचारलं नाही. सव्वीस वर्षं एका छपराखाली, मध्ये एक पडदा. ते दर महिन्याला चर्चमध्ये पापनिवेदनाला जायचे. एकदा त्यांची विसरलेली छत्री द्यायला गेली असताना तिनं ती लाकडी कोठडी पाहिली होती, मध्ये जाळी, एका बाजूला सांगणारा, दुसऱ्या बाजूला ऐकणारा. तिला हेवा वाटला होता. आपल्या बायकांना ही सोय नाही, असं तिच्या मनात आलं, आणि मग आई जात्यावर म्हणायची ती ओवी आठवली :

जात्याला सांगितलं, जात्यानं पीठ केलं
मनातलं माझ्या बाई, वाऱ्यासंगं गेलं

बोरिवलीच्या खोलीत जातं नव्हतं. पीठ गिरणीतून यायचं. दोन वर्षांपूर्वी रंगीत फोटोंच्या दुकानांनी मालाडचा रस्ता भरला, मास्टरांचे डोळे काचबिंदूनं गेले, आणि स्टुडिओला कायमचं कुलूप लागलं. भिंग गोराईला गेलं, मेजावरच्या कापडात गुंडाळून. तेव्हापासून तिची त्यांची भेट नव्हती. खाडी ओलांडली की पोचतं माणूस. बसनं वीस मिनिटं, होडीनं दहा. पण जायला कारण लागतं.

शनिवारी सकाळी ती खाली वाण्याकडे फोन करायला गेली. रतनला सांगून टाकावं, असं ठरवून. बाबा रे, मागची काच उलटी आहे, ती तशीच राहू दे म्हणावं कारागिराला, एवढंच. तो धंदेवाला माणूस, त्याला उजेडाशी मतलब. मास्टरांना कळायचं कारण नाही, आईचा हात त्यांच्यापाशी राहील, काचही राहील. किती सोपं होतं. रतन पलीकडून म्हणाला, हां मावशी, बोला. वाणी तांदूळ मापत होता. तांदळाच्या त्या पांढऱ्या धारेकडे बघत ती उभी राहिली आणि म्हणाली की पेढे छान होते. रतन खूश झाला. तिनं फोन ठेवला. जिना चढताना तिला स्वतःचा राग आला, आणि अर्ध्या जिन्यात तो राग निघून गेला. पंचवीस वर्षं सांभाळलेली गोष्ट पहिल्यांदा एका दलालाच्या कानात कशी घालायची? ऐकायचा पहिला हक्क ज्याचा, त्याच्यापासूनच ती लपवलेली. आणि मग तिला दिसलं, जसं निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं दिसतं तसं, की मास्टरांचं मन राखायला आपण गप्प राहिलो हे अर्धंच खरं. त्या उजेडावर दुसऱ्या कुणाचंतरी नाव होतं आणि ते नाव आपलं नव्हतं, हे आपल्याला रोज बोचलं. एका मेलेल्या म्हातारीचा आपण पंचवीस वर्षं मत्सर केला. ती जिन्यातच बसली. वरच्या मजल्यावरची बाई उतरता उतरता, बरं नाही काय हो, असं विचारून गेली.

रविवारी रतनच्या आधी पोचायचं म्हणून ती सकाळच्या होडीनं निघाली. कार्तिकातलं कोवळं ऊन, ओहोटीनं उघडी पडलेली तिवरांची मुळं, पलीकडे काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. होडीत एक कोळीण टोपलीला टेकून डुलक्या घेत होती. प्रेमानं मनात वाक्यं जुळवली आणि पाण्यात सोडली. गावात मास्टरांची भाची आयरीन दारातच भेटली. "अगो प्रेमाबाय, किती वाळलीस," असं म्हणून तिनं हात धरला आणि ओटीकडे बोट दाखवलं. सकाळपासून ते भिंग मांडीवर घेऊन बसलेत, चहासुद्धा प्यायले नाहीत, असं हळूच सांगितलं आणि ती आत गेली.

ते ओटीवर आरामखुर्चीत होते. केस पूर्ण पांढरे. मांडीवर ते पितळ, चिंचेनं घासून लख्ख केलेलं. पायरीवर तिचं पाऊल पडलं तशी त्यांनी मान वळवली.

"प्रेमा," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

ती समोरच्या बाकावर बसली. ते इकडचं तिकडचं बोलले, मालाडच्या रस्त्याचं, अजून पेन्सिल तासतेस का याचं. मग भिंगाचं. पैशाची गरज म्हणून देत नव्हते ते. काचेनं माणसं बघावीत, असं ते म्हणाले. इथं माझ्या मांडीवर बसून तीही आंधळी होईल. रतन साफ करून घेणार आहे, घेऊ दे. प्रेमानं विचारलं, त्याची भीती नाही वाटत? ते हसले. नळीवरून हात फिरवत म्हणाले, "आईचा हात काय कपड्यानं पुसला जातोय?"

बाहेर दूर, धक्क्याच्या बाजूला, होडीचं इंजिन थांबल्याचा आवाज आला. आयरीन आतून म्हणाली की रतनशेठ आले वाटतं. इथवर यायला त्याला दहा मिनिटं लागणार होती. मास्टरांनी भिंग दोन्ही हातांनी उचललं. मागे कॅमेरा नव्हता, पेटी नव्हती, काळं कापड नव्हतं, नुसती ती पितळी नळी छातीशी धरून त्यांनी तिच्या आवाजाच्या रोखानं वळवली. थोडी चुकली, तिच्या खांद्यावरून मागच्या केळीकडे तोंड झालं. ती बाकावर जराशी सरकली, काचेसमोर आली. केस होडीच्या वाऱ्यानं विस्कटलेले होते. तिनं ते सारखे केले नाहीत.

"तुझा एक राहिला ना," ते म्हणाले, आणि टोपण काढलं. टोपण निघाल्याचा तो हलका आवाज. काचेच्या आत, खोल, एक एवढीशी उलटी बाई बाकावर बसलेली होती, डोकं खाली, पाय आभाळाकडे. तिचे डोंगर आणि दऱ्या. हात भ्याला नाही.

"श्वास घे," मास्टर म्हणाले.

तिनं घेतला. एक. दोन. तीन. ते पुढचं म्हणतील म्हणून ती थांबली, पण ते म्हणालेच नाहीत. कदाचित विसरले. त्यांचे पांढुरके डोळे तिच्या बाजूला कुठेतरी उघडे होते, आणि टोपण हातात तसंच होतं. खाली पाणंदीतून रतनची शीळ येऊ लागली होती.

"मास्टर," ती म्हणाली, "त्याला सांगा, मागची काच उलटी आहे ती तशीच राहू दे. सरळ केली की सगळं जाईल. तुम्ही महिनाभर इथे होतात तेव्हा मी ती पुसली आणि पालथी बसवली. चुकून. तुम्ही रडत होतात, म्हणून बोलले नाही. मग कधीच बोलले नाही." तिचा आवाज तिलाच विहिरीतून आल्यासारखा लागला, पण तो थांबला नाही. "आई नव्हती ती. मी होते."